नळीची लांबी बरोबर सांगितली, नळी कापलेली आहे हे लपवलं

वापरलेली पॉइंट टू-टू (.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझी वर्षभराची बचत यात गेली आणि दोन महिने मी स्वतःच्या नेमबाजीला दोष देत बसले. रायफल विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याने काय केलं, ते सविस्तर लिहिते.

मला आखूड नळीची रायफल हवी होती, कारण सरावाला मिळायची ती टार्गेट रायफल २६ इंची नळीची, पुढून जड. झोपून नेम धरताना काही त्रास नसायचा, पण उभं राहिलं की दहा-बारा गोळ्यांतच डावा हात भरून यायचा. म्हणून १८ इंचांच्या आसपासची नळी शोधत होते. मनात धास्ती मात्र होती, की आखूड नळीने गोळीचा वेग कमी होईल आणि नेमही बिघडेल.

विक्रेत्याने ती धास्ती पाच मिनिटांत घालवली. म्हणाला, "ताई, पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू असते चिमूटभर. १६ ते १९ इंचांत तिचा सगळा जोर लागून जातो. पुढची नळी म्हणजे गोळीला नुसती घासण." घरी येऊन मी वाचून पाहिलं, जाणत्या दोघांना विचारलं. बरोबरच होतं. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची गोळी, मागे थोडासाच वायू. नळी बरीच लांब असेल तर वायूचा रेटा कमी होत जातो आणि घर्षण तेवढंच राहतं. त्यामुळे साध्या वेगाच्या काडतुसाला फार लांब नळीत वेग वाढण्याऐवजी किंचित कमीही होऊ शकतो. शिवाय टार्गेटची काडतुसं मुद्दामच आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास आणि ही गोळी त्याच्या थोडी आत, म्हणजे वाटेत तो वेग ओलांडून खाली येताना बसणारा हिसका तिला बसत नाही. जास्त वेग मला नकोच होता.

दुसरं त्याने सांगितलं ते नळीच्या ताठपणाबद्दल. एका टोकाला घट्ट धरलेली सळई किती लवते, ते लांबीच्या घनावर ठरतं. जाडी तीच ठेवून २४ इंचांची नळी १८ वर आणली, तर ती दुपटीहून अधिक ताठ होते. हेही खरंच आहे. लांब नळीचा मोठा फायदा उघड्या साईटला, म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम धरायच्या खुणांना, होतो, कारण पुढची आणि मागची साईट एकमेकींपासून जितकी लांब तितकी नेमातली चूक चटकन दिसते. मी दुर्बीण लावणार होते, त्यामुळे तो प्रश्नही नव्हता. लांब नळीचं पुढचं वजन काहींना उभ्याने स्थिर वाटतं, हे त्याने आपणहून सांगितलं. इतका प्रामाणिक माणूस वाटला मला तो.

आणि या सगळ्या खऱ्या बोलण्याच्या मधोमध, जाता जाता, तो एक वाक्य बोलून गेला. "ही कंपनीतूनच १८ इंची आली आहे." खोटं होतं ते एवढंच. मी नळी किती लांब हवी यात इतकी गुंतले होते, की ही नळी एवढी कशी झाली हे विचारायचं सुचलंच नाही.

रेंजवर पहिल्याच दिवशी ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पसरला ६० मिलिमीटर. त्या अंतरावर स्पर्धेच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यावरून काय ते समजा. मी काडतूस बदललं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "रिमफायरला काडतूस मानवावं लागतं, चार प्रकार मारून बघा." हेही खरं! रिमफायर म्हणजे पॉइंट टू-टूसारखं, कडेला ठोका बसून पेटणारं काडतूस. प्रत्येक रायफलला त्यातलं वेगळं मानवतं, म्हणून मी चार प्रकार मारले. मग दुर्बिणीचे स्क्रू आवळले, मग दुर्बीणच बदलली. शेवटी माझाच हात गेला असं वाटू लागलं. रात्री झोप लागत नव्हती.

उलगडा झाला तो साफसफाई करताना. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढलेला, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केलेली. नळीच्या तोंडाशी आलेली तेलाची थेंबुळी कापसाच्या काडीने टिपत होते. काडी आतून बाहेर ओढली आणि कापसाचा एक तंतू कडेला अडकून राहिला. पुन्हा ओढली, पुन्हा त्याच जागी, घड्याळातल्या पाचच्या बाजूला. भिंग आणून पाहिलं तर तिथे धातूची बारीकशी धार उभी होती. तोंडावर काजळीचे किरण उमटतात ते सगळीकडे सारखे असायला हवेत. इथे एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीतच. कपडा घेऊन तोंडाशी जरा जोरात घासलं, तर तेवढ्याच भागाचं काळं निघून खाली पांढरं लोखंड दिसलं. बाकी नळीचं ब्लूइंग, म्हणजे गंजू नये म्हणून दिलेला काळपट थर, जसंच्या तसं.

मग सरळ मोजलंच. बोल्ट बंद, तोंडातून सळई आत बोल्टला टेकेपर्यंत, तोंडाशी खूण, आणि टेप. भरली १८ इंचांना तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी. त्या मॉडेलची माहितीपुस्तिका मिळवली, त्यात नळीची लांबी एकच दिलेली होती, २४ इंच. घ्यायच्या आधी हे दहा मिनिटांचं काम होतं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. काकांनी शिशाचा मऊ तुकडा नळीच्या मागच्या टोकाकडून सळईने हळूहळू पुढे ढकलला आणि सळई माझ्या हातात दिली. "बघ, शेवटपर्यंत सारखीच जाते. या नळीला तोंडाशी केसभर आवळ असतो, तोच कापून टाकलाय." गोळीला बाहेर पडताना शेवटची घट्ट पकड त्या आवळाची, आणि ती सहा इंचांबरोबर गेली. गुण्या लावून दाखवला, कापही काटकोनात नव्हता. करवतीने कापून हाताच्या ड्रिलने कड मारली असावी, असं त्यांचं म्हणणं. तोंड तिरकं असलं की गोळीचा बूड एका बाजूने आधी सुटतो, वायू तिथून उसळतो आणि गोळीला कलती करतो. नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, कितीही छान असोत, शेवटच्या क्षणी सगळं फुकट जातं. मुळात कापली का असेल? तोंडाकडून सळई घालून साफ करत राहिलं की तिथले आटे झिजतात, तसं काही झालं असेल, असा त्यांचा अंदाज. माझ्याकडे पुरावा नाही.

नळी कापणं हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. लेथवर नीट कापून क्राउन मारलेली, म्हणजे तोंडाची कड सगळीकडून सारखी घडवलेली, आखूड नळी उत्तम चालते. पण तसं सांगून विकायला हवं. शिवाय बऱ्याच ठिकाणी रायफलच्या नळीला कायद्याने किमान लांबी ठरलेली असते आणि बदलांची नोंद लागते. कापलेली नळी नकळत घेतली, तर तो घोर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात येतो. कायदा आणि नोंद दोन्ही तपासूनच काकांनी लेथवर आणखी दोन सूत काढले, तोंड काटकोनात आणलं आणि ११ अंशांचा क्राउन मारला. ग्रुप २५ मिलिमीटरवर आला. गेलेला आवळ काही परत येत नाही.

विक्रेत्याचं उत्तर, "वापरलेला माल, जसा आहे तसा दिला." कंपनीतून १८ इंची आल्याचं त्याने तोंडी सांगितलं होतं, पावतीवर फक्त मॉडेल आणि नंबर. त्याच पावतीवर "नळी मूळ लांबीची, कापलेली नाही" एवढे शब्द लिहून मागितले असते, तर तो लिहायलाच तयार झाला नसता आणि मला तिथेच कळलं असतं. पैसे परत मिळाले नाहीत.

परवा रेंजवरची एक मैत्रीण वापरलेली रायफल बघायला निघाली, तेव्हा तिच्याबरोबर गेले. पर्समध्ये टेप, सळई, भिंग आणि कापसाच्या काड्या. विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून बोल्ट काढून रायफल आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हवं तेवढा वेळ घ्या." मी काडी तोंडाच्या कडेवरून चारही बाजूंनी फिरवली. एकही तंतू अडकला नाही.