मसाई पठारावरची तारे पाहण्याची रात्र

फेब्रुवारीतल्या अमावस्येला नववीतल्या लेकीला घेऊन पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आकाशदर्शनाला गेले. माणशी ६०० रुपये, त्यात झुणका-भाकरी. भाकरी गार होती आणि दुर्बिणीपाशी रांग फार लांबली. तीस जणांना एक दुर्बीण पुरत नाही. पण मार्गदर्शक मुलगा समजावून सांगत होता, त्याला तोड नाही.

सप्तर्षींच्या बाजूला त्याने एम ८२ दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, दाखवली. पुसट रेघ, बस्स. अंतर सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षं. "मोजलं कसं?" लेकीने विचारलं.

तो म्हणाला, "रंकाळ्याकाठचे दिवे आठव. सगळे सारख्याच ताकदीचे. दुप्पट लांबचा दिवा चौपट मंद दिसतो." अवकाशातले तसे दिवे म्हणजे १ए प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला तारा, सोबतच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाजवळ पोचतो आणि फुटतो. म्हणून तेज जवळपास सारखं. अगदी सारखं नाही, हेही त्याने लपवलं नाही, ते मला फार आवडलं. जो स्फोट सावकाश मंद होत जातो तो मुळात जास्त तेजस्वी; तेवढी दुरुस्ती करावी लागते. एम ८२ मध्ये असा स्फोट २०१४ साली दिसला होता. अशाच स्फोटांवरून १९९८ मध्ये कळलं की विश्वाचा विस्तार वेगाने वाढतोय. त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं.

स्वेटर नक्की न्या, वारा झोंबतो. आम्ही मार्चच्या अमावस्येचंही नाव नोंदवलंय.