डीपीसी प्रॅक्टिस: सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये घ्यावं की सुटं सुटं?

अमेरिकेत हॉस्पिटलची नोकरी सोडून डायरेक्ट प्रायमरी केअर (डीपीसी), म्हणजे विम्याऐवजी रुग्णाकडून थेट महिन्याची मेंबरशिप फी घेऊन चालवायची प्रॅक्टिस, सुरू करू पाहणारे मराठी डॉक्टर अधूनमधून फोन करतात. मेंबरशिप किती ठेवू, याच्याही आधी ‘सॉफ्टवेअर कोणतं घेऊ’ हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. इन्शुरन्सचा नाद सोडला की बिलांचं कोडिंग, क्लेम हा सगळा लवाजमा जातो आणि उरता तुम्ही, हाताखाली एखादी व्यक्ती आणि ते सॉफ्टवेअर. मी ओहायोत दोन्ही प्रकार वापरले आहेत: पहिली दोन वर्षं सगळं एकात, आणि तेव्हापासून सुटं. कंपन्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेतच, म्हणून फक्त रचनेबद्दल बोलतो.

एकात घेतलं की सुरुवात फार सोपी होते, हे आधी मान्य करतो. चार्ट (रुग्णाच्या नोंदी), दरमहा कार्डावरून कापली जाणारी फी, रुग्णांचे टेक्स्ट, औषधांचा साठा, सगळ्याला एकच लॉगिन. संध्याकाळी रुग्णाने अंगावरच्या पुरळाचा फोटो पाठवला की तो आपोआप चार्टमध्ये जाऊन बसतो. पहिले शंभरेक रुग्ण होईपर्यंत मला त्यात काहीच खुपलं नाही. तुम्ही अगदी एकटे असाल तर कदाचित तुम्हालाही खुपणार नाही.

मला खुपलं ते एका मंगळवारी. माझ्या एक रुग्ण आहेत, वय ६८, एकट्या राहतात. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून मी ऑप्ट आऊट केलेलं, म्हणजे बाहेर पडलेलो असल्याने त्यांच्याशी वेगळा खासगी करार करावा लागला होता, आणि त्यांनी तो ओळ न् ओळ वाचून सही केली होती. त्यांच्या छातीतल्या गाठीची बायोप्सी झाली होती. सोमवारी रात्री मी टेक्स्ट केला: रिपोर्ट आलाय, उद्या सकाळी ९ वाजता मी स्वतः फोन करतो. मंगळवारी पहाटे ६ वाजता त्याच नंबरवरून, माझ्याच नावाने, त्या टेक्स्टच्या बरोबर खाली दुसरा आला: तुमची मेंबरशिप थांबवण्यात आली आहे. बँकेने त्यांना नवीन कार्ड पाठवलं होतं, जुन्याची मुदत संपली होती, एवढंच झालं होतं.

९ वाजता त्यांनी फोन उचलला नाही. साडेनऊलाही नाही. ११ वाजता उचलला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, मला वाटलं रिपोर्ट वाईट आहे म्हणून तुम्ही मला काढून टाकलंत.” गाठ साधी होती. पण ते पाच तास त्यांनी कसे काढले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही. मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं की मजकूर बदलता येईल, पण पैशाचे मेसेज दुसऱ्या वाटेने पाठवायची सोय नाही.

डीपीसीत रुग्ण पैसे देतो ते डॉक्टर थेट हाताशी असावा म्हणून. तो टेक्स्टचा धागा म्हणजेच आपली प्रॅक्टिस. त्यात वसुलीचं पत्र येऊन पडायला नको, असं माझं ठाम मत झालं.

आता चार्ट वेगळा, मेंबरशिप वेगळी आणि मेसेजिंग वेगळं. कार्ड नाकारलं गेलं तर आधी ईमेल जातो, क्लिनिकच्या नावाने; मग आमची सहायक फोन करते. टेक्स्टवर फक्त मी असतो. याची किंमत आहे. दर महिन्याला तीन बिलं येतात, नवीन रुग्णाची माहिती दोनदा भरावी लागते आणि महत्त्वाचे मेसेज चार्टमध्ये हाताने टाकावे लागतात. शुक्रवारी दुपारी माझा पाऊण तास त्यात जातो. तेवढा वेळ निघणार नसेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

प्रॅक्टिस वाढवायच्या दृष्टीनेही मला सुटं बरं वाटलं. २२ कामगारांची एक छोटी कंपनी आमच्याकडे आली, तेव्हा मालकाला एकच बिल हवं होतं आणि सोडून गेलेल्या माणसाचं नाव त्याच महिन्यात कमी व्हायला हवं होतं. केवळ मेंबरशिपसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरला हे सहज जमलं. १ जानेवारी २०२६ पासून एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) असलेल्या माणसाला डीपीसी घेता येते आणि फीही त्यातून भरता येते. फीची २०२६ सालची मर्यादा एकट्याला महिना १५० डॉलर, कुटुंबाला ३००. पण लस सोडली तर औषधं त्या फीमध्ये धरलेली चालत नाहीत. तेव्हा तुम्ही औषधं देत असाल तर पावतीवर ती वेगळी दिसतात ना, हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आधी बघून घ्या.

व्हॉट्सॲपचा मोह आपल्या लोकांमुळे होतोच. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले कुणाचे तरी आई-बाबा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो तिथेच पाठवतात, वर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. पण हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली ॲपच्या कंपनीशी करावा लागणारा बिझनेस असोसिएट करार त्या ॲपसाठी मिळत नाही. मी अशा काकूंच्या फोनवर आमचं ॲप स्वतः घालून देतो आणि पहिला मेसेज माझ्यासमोर करून घेतो. एकदा हाताला वळण पडलं की मग अडत नाहीत.

काहीही निवडलंत तरी क्लिनिकचा फोन नंबर तुमच्याच नावावर हवा आणि सोडून जाताना बरोबर नेता यायला हवा. हे लेखी घ्या. आणि डेमोला बसलात की स्वतःच्याच नावाने एक खोटा रुग्ण उघडायला सांगा, त्यात मुदत संपलेलं कार्ड टाका आणि तुमच्या फोनवर काय येतं, किती वाजता येतं आणि कोणाच्या नावाने येतं, ते वाचा.