आजोळचा पाळक : एका अमेरिकन वंशावळीमागे आठ महिने

माझी मुलगी कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी गेले होते, तेव्हा बारशाच्या दिवशी विहीणबाई सहज म्हणाल्या, "आमचं घराणं जोनाथन एडवर्ड्स यांच्यापर्यंत जातं." अठराव्या शतकातले हे धर्मोपदेशक अमेरिकेत फार मोठं नाव आहे. मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. आमच्या सासरचा कुलवृत्तांत छापलेला आहे, त्यात माझ्या मुलीचंही नाव आहे. नातवाची एक बाजू छापील आणि दुसरी बाजू नुसती ऐकीव, हे मला राहवेना. बाळ झोपलं की लॅपटॉप उघडायचा, असा दिनक्रम सुरू झाला. तीन महिने तिकडे आणि पाच महिने पुण्यात हेच करते आहे. या कामात जी साधनं वापरली, त्यांचा हा अनुभव.

मुख्य साधन फॅमिलीसर्च. ते पूर्ण मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. 'लॅटर-डे सेंट्स' म्हणजे मॉर्मन चर्च ते चालवतं. या कामाची सुरुवात १८९४ साली यूटामध्ये झाली आणि जगभरातल्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म करून त्यांनी त्या डोंगरातल्या तळघरात जपल्या. आता त्यांचं डिजिटल रूप घरबसल्या दिसतं. आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते : हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंसुद्धा त्यांच्या संग्रहात आहेत. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहिल्यावर जे वाटतं, तेच मला सतराव्या शतकातल्या हार्टफर्डच्या नोंदी पाहताना वाटलं.

तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक कळायला मला महिना लागला. एक म्हणजे झाड. साऱ्या जगासाठी एकच सामायिक झाड आहे, त्यात कोणीही भर घालू शकतं आणि कोणीही बदलू शकतं. प्रत्येक व्यक्तीला एक खूणक्रमांक असतो, आणि कोणी काय बदललं याची नोंद राहते. दुसरी गोष्ट म्हणजे दस्त : जन्ममृत्यूच्या नोंदी, बाप्तिस्म्याच्या वह्या, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार यांच्या पानांची छायाचित्रं. झाड ही लोकांनी सांगितलेली गोष्ट, दस्त हा पुरावा. एडवर्ड्स यांच्यासारख्या प्रसिद्ध माणसाचं झाड पहिल्याच दिवशी भरलेलं मिळतं. त्यामुळे काम झालं असं वाटतं. ते तिथून सुरू होतं.

आधी ज्यावर वाद नाही ते. जोनाथन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७०३ चा, कनेक्टिकटमधल्या ईस्ट विंडसरचा. अकरा भावंडांत एकटा मुलगा, बाकी दहा बहिणी. वडील टिमोथी एडवर्ड्स तिथलेच पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आई एस्थर ही मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांची मुलगी. पत्नी सारा पिअरपाँट, लग्न २८ जुलै १७२७ चं, आणि पुन्हा अकरा मुलं.

या अकरा मुलांचे जन्म एडवर्ड्स यांनी घरच्या बायबलमध्ये वारासकट लिहून ठेवले. धाकटा पिअरपाँट ८ एप्रिल १७५० ला जन्मला, रविवारी रात्री. मी संगणकावर तारीख घातली, तर वार आला बुधवार. दोन दिवस मला वाटत होतं की नोंदच चुकली. मग उलगडा झाला. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होत्या आणि ते अकरा दिवस मागे होतं. अकरा दिवस पुढे सरकवले की १९ एप्रिल येतो आणि तो रविवारच. बापाने लिहिलेलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. शके आणि तिथी जंत्रीवरून जुळवणाऱ्या माणसाला हे नवं नाही, पण इथे आणखी एक मेख आहे : तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी १७०९/१० अशा जोडवर्षाने लिहिलेल्या असतात, कधी नुसत्या १७०९ असतात. फ्रेंचांनी आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी डिअरफिल्ड गावावर केलेला प्रसिद्ध हल्ला २९ फेब्रुवारी १७०३/४ चा. जुन्या कागदात नुसतं १७०३ दिसलं तर तो एडवर्ड्स यांच्या जन्माआधीचा वाटतो. प्रत्यक्षात बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. तारीख टिपताना मूळ जशी आहे तशीच टिपा, घाईने 'दुरुस्त' करू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

इंग्रजी कागदांत नात्याला शब्द फार तोकडे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, सगळ्यांना 'कझिन'. त्या काळात तर पुतण्या-भाच्यालाही 'कझिन' म्हणत, आणि 'मदर-इन-लॉ' म्हणजे कधी कधी सावत्र आई असे. झाडातल्या चौकटी पाहून काही डोळ्यांसमोर येईना. मग मी एक मोठा कागद घेतला आणि प्रत्येक चौकटीपुढे एडवर्ड्स यांच्याशी असलेलं नातं मराठीत लिहीत गेले. आणि चरित्रकार ज्याला धर्मशास्त्राचा वाद म्हणतात, तो मला घरातला वाद म्हणून दिसला.

नॉर्थॅम्प्टन हे एडवर्ड्स यांचं आजोळ. १७२७ मध्ये ते तिथे आजोबांचे मदतनीस म्हणून पाळक झाले. १७२९ मध्ये आजोबा वारले आणि साठ वर्षं गाजवलेलं व्यासपीठ नातवाकडे आलं. गावातलं सगळ्यात वजनदार माणूस होतं कर्नल जॉन स्टॉडर्ड, म्हणजे मामा. मामा जून १७४८ मध्ये वारले. त्यानंतर एडवर्ड्स यांनी आजोबांनी घालून दिलेला नियम बदलायचं ठरवलं. आजोबा प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, सदाचारी माणसांना मोकळेपणी येऊ देत. नातवाचं म्हणणं, आधी खऱ्या श्रद्धेची कबुली हवी. विरोधाला पुढे उभा राहिला जोसेफ हॉली, तो रिबेका मावशीचा मुलगा. शेजारच्या हॅटफिल्डचा इझ्राएल विल्यम्सही विरोधात, तो दुसऱ्या मावशीचा मुलगा. दोघेही मावसभाऊ. मंडळींच्या मतदानात एडवर्ड्स यांच्या बाजूने जेमतेम २३ जण राहिले, शेजारच्या चर्चांच्या परिषदेने १० विरुद्ध ९ मतांनी त्यांना मोकळं करण्याचा कौल दिला, आणि २२ जून १७५० रोजी नोकरी गेली. आजोबांचा शब्द मोडला, पाठीशी उभा राहणारा मामा गेलेला आणि मावसभाऊ उलटले. आपल्याकडे ज्याने एखादी भाऊबंदकी जवळून पाहिली आहे, त्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल.

हॉलीबद्दल आणखी एक नोंद आहे, ती मला विसरता येत नाही. त्याच्या वडिलांनी, म्हणजे एडवर्ड्स यांच्या मावशीच्या यजमानांनी, १ जून १७३५ ला आत्महत्या केली होती. तेव्हा गावात एडवर्ड्स यांच्याच प्रवचनांनी धर्मजागृतीची लाट आली होती. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. पुढे त्याच जोसेफने आपल्या वागण्याबद्दल माफीही मागितली. तारखा आणि नाती एका कागदावर आल्याशिवाय हे उमगत नाही.

डिअरफिल्डच्या हल्ल्यातही आजोळचंच माणूस गेलं. आजी एस्थर वॉरम हिचं पहिलं लग्न आधीचे पाळक एलिएझर मॅदर यांच्याशी झालेलं. त्यांची मुलगी युनिस, म्हणजे एडवर्ड्स यांची सावत्र मावशी, हल्लेखोरांनी कैदी करून नेताना वाटेत मारली गेली. तिची मुलगी, तिचंही नाव युनिस, मोहॉक या मूळ रहिवासी जमातीत वाढली, तिथेच लग्न केलं आणि कायमची परत आली नाही. अमेरिकेत या मुलीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती एडवर्ड्स यांची मावसबहीण, हे मला माझ्या कागदाने दाखवलं.

वडिलांकडची बाजू जास्त कठीण. आजोबा रिचर्ड एडवर्ड्स हार्टफर्डचे व्यापारी. त्यांची बायको एलिझाबेथ टटल हिला त्यांनी १६९१ मध्ये घटस्फोट दिला. तिच्या एका भावाने १६७६ मध्ये सख्ख्या बहिणीचा खून केला आणि तो फासावर गेला; आणखी एका बहिणीने १६९१ मध्ये स्वतःच्या मुलाला मारलं. १९०० साली अमेरिकेत एकाने एडवर्ड्स यांच्या वंशजांची मोजदाद करून 'चांगल्या रक्ता'चा डांगोरा पिटला आणि गुन्हेगार ठरवलेल्या दुसऱ्या एका कुळाशी त्यांची तुलना केली. टटल आजीची चौकट भरली की तो सगळा डोलारा कोसळतो. वंशावळ करणाऱ्याने ही चौकट झाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

साधनांकडे परत येते. एका सशुल्क संकेतस्थळावर विहीणबाईंच्या घराण्याची 'तयार' शाखा सापडली, थेट पिअरपाँट एडवर्ड्सपर्यंत. आनंदाने मी ती उतरवून घेतली. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की मधल्या एका जोनाथनचा बाप्तिस्मा मॅसॅच्युसेट्समध्ये आणि लग्न दोन वर्षांत इंग्लंडमध्ये दाखवलं आहे. दोन वेगळी माणसं एक केली होती, पुरावा म्हणून जोडलेला दुवा दुसऱ्या झाडाचाच होता, आणि त्या झाडाचा दुवा तिसऱ्या झाडाचा. चाचणीची मुदत संपल्यावर वर्षाचे पैसे कार्डावरून गेले ते वेगळेच. मोफत चाचणी घेतलीत तर संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

पूर्ण मजकुरातला शोध ही फॅमिलीसर्चवरची सोय मला सगळ्यात मोलाची वाटली. २०२४ पासून हस्तलिखित पानांतले शब्दही शोधता येतात. जुन्या लिपीत 's' हा 'f' सारखा दिसतो, 'the' ला 'ye' लिहितात. मोडी वाचायला बसल्यावर सुरुवातीला जसं होतं, तसंच इथे होतं, पण पंधरा दिवसांत डोळा बसतो. काही पानं घरून उघडत नाहीत, मूळ दस्तांच्या मालकांशी झालेल्या करारामुळे ती त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच पाहावी लागतात. तिकडे असताना अशी यादी करून एका फेरीत काम उरकलं; इथून आता ते शक्य नाही. कनेक्टिकटसाठी बार्बर संग्रह, म्हणजे गावोगावच्या नोंदींची १८५० च्या सुमारापर्यंतची सूची, आधी पाहा. आणि जिल्हा शोधताना त्या काळचा जिल्हा शोधा. एडवर्ड्स शेवटची वर्षं स्टॉकब्रिजला होते, आज ते बर्कशायर काउंटीत आहे. बर्कशायर काउंटी झाली १७६१ मध्ये. १७५८ च्या मृत्युपत्राचे कागद हॅम्पशायर काउंटीच्या दप्तरात आहेत. मी महिनाभर चुकीच्या दप्तरात डोकं घालून बसले होते.

१७५८ हे वर्ष तर लिहितानाही हात थांबला. जानेवारीत वडील गेले. प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष झालेल्या एडवर्ड्स यांनी देवी टोचून घेतल्या आणि २२ मार्चला ते गेले. ७ एप्रिलला मुलगी एस्थर, २ ऑक्टोबरला पत्नी सारा. एस्थरचे पती त्याआधीच्या सप्टेंबरातच वारले होते. मागे राहिलेला दोन वर्षांचा मुलगा ॲरन बर, पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला आणि १८०४ मध्ये त्याने द्वंद्वात अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना मारलं.

एडवर्ड्स यांच्या मृत्युपत्राच्या कागदांत मालमत्तेची यादी आहे, तिच्यात जनावरांच्या सदरात टायटस नावाचा एक गुलाम मुलगा आहे, किंमत ३० पौंड. आणि ७ जून १७३१ ची एक खरेदीपावती आहे : न्यूपोर्टला एडवर्ड्स यांनी व्हीनस नावाची सुमारे चौदा वर्षांची मुलगी ८० पौंडांना विकत घेतली. इतकी सुंदर प्रवचनं लिहिणाऱ्या हाताने हा व्यवहार केला. त्यांच्याच मुलाने, धाकट्या जोनाथनने, १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन दिलं, हेही खरं. एडवर्ड्स यांच्या अकरा मुलांचे वार मला माहीत आहेत. व्हीनसचे आईबाप कोण, तिचं खरं नाव काय, याची एक ओळ नाही. मी माझ्या मोठ्या कागदावर घरातल्या माणसांत तिची आणि टायटसची चौकट काढली आहे. 'आपला त्यांच्याशी काही संबंध?' असं विहीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, घरात राहत होते ना, मग कागदावरही राहतील.

नॉर्थॅम्प्टनला आम्ही एकदा जाऊन आलो. ब्रिज स्ट्रीटच्या दफनभूमीत एडवर्ड्स यांची मुलगी जेरुशा आणि तिने शुश्रूषा केलेला तरुण मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड शेजारी शेजारी आहेत. गावात एडवर्ड्स यांच्या नावाचं चर्च आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे पाळक होते गॉर्डन हॉल, जन्म मुंबईचा. त्यांचे वडील १८१३ मध्ये मुंबईला आलेले, अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक. हे वाचल्यावर मी जावयांना तिथेच थांबवलं आणि फोटो काढून घेतला.

विहीणबाईंच्या घराण्याची साखळी खालून वर १७९८ पर्यंत पक्की झाली आहे, प्रत्येक पायरीला दस्त आहे. एडवर्ड्स यांच्याकडून खाली येणारी साखळीही पक्की आहे. मध्ये एक पिढी जुळत नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्या कागदावर बोट ठेवून एकेक मराठी शब्द विचारत बसल्या. 'मावसभाऊ' त्यांना नीट म्हणता येतो आता. त्यांच्या माळ्यावर आजीच्या पत्रांची एक पेटी आहे, ती अजून उघडलेली नाही. मे महिन्यात मी पुन्हा जाते आहे.