एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस: इंजिन दमदार, दारं मात्र बंद

दवाखाना असो, सीएचं ऑफिस असो की होलसेलचं दुकान, बिलिंग सॉफ्टवेअरच्या पोटात बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टचं हे फुकट डेटाबेस सॉफ्टवेअर, एक्सप्रेस, बसलेलं असतं. वेग आणि भरवसा या दोन्हीत तक्रारीला जागा नाही. डोकं खातं ते कनेक्शन. सर्व्हरवर सगळं सुरळीत, आणि शेजारच्या टेबलावरून 'सर्व्हर सापडत नाही'.

हा बिघाड नाही, मूळ सेटिंगच तसं आहे. नव्या एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणीचा मार्ग, बंद असतं. त्याच मशीनवर जोडणी शेअर्ड मेमरीतून, म्हणजे नेटवर्कला हात न लावता, होते, म्हणून तिथे काहीच जाणवत नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच. पण सेटअपच्या खिडक्यांमध्ये ते चालू करायला एक टिकमार्कही देऊ नये, हे अती झालं. कमांड लाइनवरून बसवलं तर सोय आहे, पण दुकानात तसं कोण बसवतंय?

उपाय एसक्यूएल सर्व्हरसोबतच येणाऱ्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आहे. स्टार्ट मेनूत दिसला नाही तर रनमध्ये 'SQLServerManager16.msc' टाका (२०१९ साठी 16 च्या जागी 15). नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये टीसीपी/आयपी एनेबल करा, मग आयपी अॅड्रेसेस टॅबवर अगदी तळाशी 'आयपीऑल' पाहा. 'डायनॅमिक पोर्ट्स'मधला आकडा पुसून चौकट पूर्ण रिकामी ठेवा. शून्यही नको, शून्य म्हणजे डायनॅमिक (सर्व्हर स्वतःच निवडतो तो पोर्ट) चालूच. खालच्या 'टीसीपी पोर्ट'मध्ये १४३३ लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. ते केल्याशिवाय बदल लागू होत नाही आणि निम्मे लोक इथेच अडकतात.

एरर मेसेज लांबलचक असला तरी त्यातला नंबर कामाचा आहे. २६ म्हणजे इन्स्टन्सचा (सर्व्हरवर बसवलेल्या एसक्यूएलच्या प्रतीचा) पत्ताच लागला नाही: नाव चुकलंय, एसक्यूएलची ब्राउझर सर्व्हिस (नावावरून पोर्ट सांगणारी; इंटरनेटचा ब्राउझर नव्हे) बंद आहे किंवा तिचा पोर्ट, यूडीपी १४३४, अडलाय. ब्राउझरच्या भानगडीत पडायचं नसेल तर क्लायंटवर, म्हणजे जोडणाऱ्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट थेट '१९२.१६८.१.१०,१४३३' असा लिहा. मध्ये स्वल्पविराम हवा, विसर्गासारखी दोन टिंबं चालत नाहीत. मात्र राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो.

१८४५६ आला तर उलट आनंद माना. नेटवर्क ठीक आहे, अडलंय ते लॉगिन. नेमकं कारण सांगणारा आकडा म्हणजे स्टेट; क्लायंटला ती कायम १ दिसते, खरी स्टेट सर्व्हरच्या एररलॉग फाइलमध्ये असते. ८ म्हणजे पासवर्ड चुकला. ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतोय आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिन (एसक्यूएलचाच वेगळा युजर-पासवर्ड) देताय. दोन्ही घेणारा मिक्स्ड मोड चालू करून पुन्हा रीस्टार्ट.

फायरवॉल सरसकट बंद करून 'झालं बघा' म्हणणाऱ्या टेक्निशियनला पैसे देऊ नका. टीसीपी १४३३ साठी एक इनबाउंड रूल (आत येणाऱ्या जोडणीला परवानगी) पुरतो. रूल प्रायव्हेट नेटवर्कसाठी आणि वाय-फाय पब्लिक म्हणून नोंदलेलं, हा घोळ हमखास असतो. आधी तो तपासा.

क्लायंटवर काहीही न बसवता चाचणी घ्यायची तर डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल करून एक्स्टेंशन '.udl' करा आणि डबल क्लिक. सर्व्हर, युजर, पासवर्ड भरून 'टेस्ट कनेक्शन' दाबलं की दोष सर्व्हरकडे की बिलिंग सॉफ्टवेअरकडे, हे तिथल्या तिथे कळतं.

मॅनेजमेंट स्टुडिओत (डेटाबेस हाताळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) आवृत्ती २० पासून एन्क्रिप्शन मूळ सेटिंगलाच सक्तीचं झालंय, त्यामुळे जुन्या सर्व्हरशीही अचानक सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) कुरकुर सुरू होते. ऑफिसच्या बंद नेटवर्कवर 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट'ची खूण केली की भागतं. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर रीतसर सर्टिफिकेटच घ्या.

सकाळी पहिल्याच लॉगिनला टाइमआउट येत असेल तर 'ऑटो क्लोज' बघा. एक्सप्रेसमध्ये नव्या डेटाबेसला तो चालू असतो; शेवटचा युजर गेला की डेटाबेस मिटतो आणि पुन्हा उघडायला वेळ खातो. तो बंदच ठेवा.

आणि १० जीबीची मर्यादा. डेटा फाइल तिथे टेकली की लॉगिन होतं, रिपोर्ट निघतात, फक्त नवं बिल सेव्ह होत नाही. सॉफ्टवेअर मोघम 'डेटाबेस एरर' दाखवतं आणि लोक केबल बदलत बसतात. एररलॉगमध्ये ११०५, म्हणजे जागा संपल्याचा नंबर, शोधा.