काटा तोच, अंग वेगळं: टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन

युरोपातल्या मोजमापांत हॉर्मोन सुरू केल्यावर पहिल्या वर्षात ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवलेले, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन घेणारे) आणि ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा ठरवलेल्या, इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हॉर्मोन घेणाऱ्या), दोघांचंही वजन सरासरी दोन किलोंच्या आतच वाढलेलं दिसलं. आकडा जवळपास एकच. आत मात्र उलटासुलटा कारभार.

टेस्टोस्टेरॉनवर स्नायू वाढतात, एकूण चरबी थोडी उतरते. भूकही खवळते; पोळ्या मोजायचं घरच्यांनी सोडून द्यावं. मांड्या-नितंबांवरची चरबी हळूहळू पोटाकडे सरकते, खांदे भरतात. शर्ट दंडात घट्ट आणि पँट कमरेखाली ढगळ, हे शिंप्याच्या टेपला काट्याआधी कळतं. डॉक्टर मधूनमधून रक्ताची तपासणी करून घेतात, कारण तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकतं.

इस्ट्रोजेन आणि सोबतच्या टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळ्यांवर नेमकं याच्या विरुद्ध. स्नायू घटतात, चरबी वाढते. आणि ती मांड्या, नितंब, छाती, गाल इथे बसते. कालपर्यंत सहज उचललेला गॅस सिलिंडर आज दमवतो, याचा अनेकींना धक्का बसतो. हाडं मात्र हलत नाहीत. ओटीपोटाची रुंदी आहे तीच राहते.

दोन्हीकडे फरक तीन ते सहा महिन्यांत जाणवू लागतो, पूर्ण व्हायला दोन ते पाच वर्षं. लवकर व्हावं म्हणून डोस मनानं वाढवणं हा शुद्ध वेडेपणा. मला विचाराल तर काटा माळ्यावर टाका आणि दर महिन्याला टेप लावा.