डेक्कन कॉलेजचे ‘बुलेटिन’ : जुन्या खंडांच्या एका वाचकाचे परीक्षण

विद्यापीठाच्या नियतकालिकाचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. पुस्तकांची परीक्षणे येतात. नियतकालिकातले शोधनिबंध मात्र कोणाच्या तरी तळटिपेत जातात आणि तिथेच राहतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ‘बुलेटिन’ मी गेली वीस-बावीस वर्षे वापरतो आहे, आधी विद्यार्थी म्हणून आणि नंतर तालुक्याच्या गावी इतिहास शिकवताना. इतक्या वापरानंतर त्याच्याविषयी दोन बऱ्या आणि दोन कडू गोष्टी सांगण्याचा हक्क मिळाला आहे असे वाटते.

काटेकोर बोलायचे तर हे निव्वळ इतिहासाचे नियतकालिक नव्हे, आणि त्याचे कारण संस्थेच्या घडणीतच आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून वाढत गेलेले हे महाविद्यालय १९३४ मध्ये बंद पडले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये पदव्युत्तर अध्यापन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. ‘बुलेटिन’ त्याच वर्षी निघाले. प्राचीन इतिहास व पुरातत्त्वासाठी ह. धी. सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे, भाषाशास्त्रासाठी सु. मं. कत्रे आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यं. शं. शेजवलकर अशी मंडळी तेव्हा एकाच आवारात काम करत होती. साताऱ्याचा पारसनिसांचा कागदपत्रांचा संग्रहही त्याच सुमारास तिथे आला. त्यामुळे एकाच खंडात शिलालेखाशेजारी बोलीभाषेची टिपणे आणि त्यांच्या शेजारी दगडी हत्यारे असा शेजार आढळतो. शोधायला एक लेख जावे आणि परतताना दुसराच घेऊन यावे, हे माझ्या बाबतीत अनेकदा घडले आहे. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, पण नियतकालिकाचा हा मिश्र स्वभाव तसाच राहिला.

आता मुख्य मुद्दा. संशोधनात अशा नियतकालिकाचा उपयोग नेमका काय, हे मला वर्गात सांगता येत नव्हते. ते एका खापराने सांगितले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रवरेच्या काठावरच्या नांगरलेल्या शेतातून चार खापरे रुमालात बांधून आणली. तांबडा पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, आणि एका तुकड्याला बाहेर वळलेला काठ. आमच्या पट्ट्यात असे खापर दिसले की जोर्वे हे नाव आठवतेच, कारण सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जिथे उत्खनन केले ते जोर्वे संगमनेर तालुक्यातच आहे आणि त्या गावावरूनच इसवी सनपूर्व सुमारे १४०० ते ७०० या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव मिळाले. पण ‘तसे दिसते’ एवढ्यावर कोणाचे समाधान होऊ नये. मग दख्खनच्या नदीखोऱ्यांतील पाहण्यांचे लेख असलेले जुने खंड काढले आणि आम्ही दोघे त्यातल्या रेखाचित्रांवर वाकून बसलो.

ज्यांनी ही रेखाचित्रे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मडके उभे मधोमध कापले आहे असे समजून काढतात; मध्यरेषेच्या एका बाजूला भिंतीचा छेद काळा भरलेला असतो, त्यावरून जाडी आणि काठाचे वळण कळते, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा भाग नक्षीसह दिसतो. खाली प्रमाण दिलेले असते. हातातल्या तुकड्याचा काठ त्या काळ्या छेदाशी ताडून पाहता येतो. आमच्या चारपैकी एका तुकड्याचे वळण जुळले, दोन तुकडे संशयित ठरले आणि एक तर चक्क अलीकडच्या कुंभारकामातला निघाला. विद्यार्थी जरा खट्टू झाला. मी मात्र खूश होतो, कारण त्याला ‘नाही’ म्हणण्याचे कारण मिळाले होते.

या जुन्या लेखांत कार्बन-१४ च्या, म्हणजे सेंद्रिय अवशेषांचे वय मोजून काढलेल्या, तारखा हाती येण्यापूर्वी मांडलेले कालनिर्णय पुढे बदलले, स्थलांतरांविषयीचे तर्कही बदलले. ज्या लेखांत केवळ निष्कर्ष होते ते आज वाचवत नाहीत. ज्यांत मोजमापे, चित्रे, थरांची वर्णने आणि सापडलेल्या वस्तूंच्या कंटाळवाण्या याद्या छापल्या आहेत, ते लेख लेखकाच्या मतापासून सुटे होऊन अजून कामाला येतात. व्यावसायिक प्रकाशक अशा याद्यांना पाने देत नाही. विद्यापीठाचे नियतकालिक देते, आणि माझ्या मते ते चालवण्यामागचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे.

याचे दुसरे उदाहरण पाचव्या खंडात आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीचे, प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये वारले, आणि हा खंड त्यांच्या स्मरणार्थ काढला गेला. त्यात इरावतीबाईंचा महाभारतातील नातेवाचक शब्द आणि कुटुंबरचना यांवरचा दीर्घ निबंध आहे. शीर्षकातच त्यांनी स्वतःला कुंपण घालून घेतले आहे: हे विवेचन चिकित्सक आवृत्तीत आढळणाऱ्या शब्दांपुरते. ती आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडणार होते, म्हणजे आधाराला तोवर सिद्ध झालेला भागच होता. आपण कोणत्या पाठावर उभे आहोत हे आधी सांगायचे आणि मग बोलायचे, ही शिस्त मी विद्यार्थ्यांना याच लेखावरून शिकवतो. महाभारतावर ठाम बोलणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. कोणती प्रत, कोणते पर्व, कोणता श्लोक असे विचारले की आवाज खाली येतो.

दोष बरेच आहेत. पहिला आणि मला सर्वांत टोचणारा म्हणजे भाषा. मराठी मुलखातली नदीखोरी, मराठी कुटुंबातली नाती, मराठ्यांचे कागद, आणि लिहिलेले जवळपास सगळे इंग्रजीत. जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचायचे तर ते अपरिहार्य होते हे मान्य. परंतु प्रत्येक लेखाला पानभर मराठी सारांश जोडला असता तर ज्याच्या शेतात खापर सापडते त्यालाही ते वाचता आले असते. या बाबतीत भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक उजवे ठरते. ते विद्यापीठाचे नाही, मंडळाचे आहे; पण मूळ मराठी कागद मराठी वाचकापुढे ठेवण्याची राजवाड्यांच्या पिढीची रीत त्याने जपली. दुसरा दोष वेळापत्रकाचा. ५४-५५, ६०-६१ असे जोडखंड कपाटात दिसतात आणि संदर्भ देताना कोणते वर्ष लिहायचे याचा घोळ होतो. तिसरे, गौरवखंड आणि स्मृतिखंड यांत लेखांची पातळी एकसारखी नसते. स्नेहापोटी दिलेला लेख आणि वर्षानुवर्षे राबून लिहिलेला लेख शेजारी शेजारी बसलेले असतात.

तरीही तुलनेला उभे केले की या नियतकालिकाची किंमत कळते. मध्यंतरी मला मोबाइलवर एका ‘आंतरराष्ट्रीय’ संशोधनपत्रिकेचे आमंत्रण आले: निबंध पाठवा, शुल्क भरा, चार दिवसांत प्रमाणपत्रासह प्रसिद्धी. मी निबंध पाठवला नाही, पण माझ्या एका सहकाऱ्याने पाठवला आणि त्याच्या निबंधातली एक संपूर्ण तळटीप दुसऱ्याच कोणाच्या लेखाखाली छापून आली. चार दिवसांत तज्ज्ञ-परीक्षण होत नसते, एवढे त्याला नंतर उमगले. बढतीसाठी गुण आणि पीएचडीसाठी छापील निबंध अशी सक्ती आल्यावर या धंद्याला बरकत आली. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढून टाकली, आणि २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची अटही राहिली नाही. पण ज्यांच्या सेवापुस्तिकेत ते निबंध चढले ते चढलेच. असल्या पत्रिकेतला इतिहासाचा लेख उघडून पाहावा: पुराव्याला दुसऱ्याचे पुस्तक, त्या पुस्तकाच्या पुराव्याला तिसरे पुस्तक, आणि दप्तर कोणी उघडलेलेच नाही.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. जुने खंड जेस्टोर या डिजिटल संग्रहात आहेत. महाविद्यालयाची वर्गणी असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर वैयक्तिक खाते उघडूनही ठरावीक संख्येने लेख पडद्यावर वाचता येतात. शोध इंग्रजी स्पेलिंगवर चालतो, त्यामुळे गावाचे नाव दोन-तीन प्रकारे घालून पाहावे. जुन्या लेखांत उच्चारचिन्हांसह छापलेले शब्द यंत्राला नीट वाचता येत नाहीत. सुरुवात पाचव्या खंडापासून करावी, मग आपल्या जिल्ह्याच्या पाहण्यांकडे वळावे. रेखाचित्रांच्या बाबतीत मात्र पडद्यावर विसंबू नये. ‘एकतृतीयांश’ असे शब्दांत दिलेले प्रमाण छापील पानाच्या आकारापुरतेच खरे असते, आणि पडद्यावर पान लहानमोठे केले की ते निरर्थक होते. काठाचा व्यास पट्टीने मोजायचा असेल तर ग्रंथालयात जाऊन छापील खंडच काढावा, आणि काढल्यावर त्यातली चित्रांची पाने कोणी आधीच कापून नेलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे.