एजंटशिवाय यूकेची नर्सिंग नोंदणी: ११ महिन्यांनंतरचा अनुभव

मी नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि नऊ वर्षं वॉर्डात. गेले ११ महिने यूकेच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची, फाईल मी स्वतः चालवते आहे. इंग्रजीची परीक्षा झाली, सीबीटी म्हणजे संगणकावरची नर्सिंगची परीक्षा झाली, पात्रता मान्य झाल्याचं कळलं. नोकरी अजून मिळालेली नाही. आमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारतं, "ताई, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

सुरुवात माझीही एजंटपासूनच झाली. अडीच लाखांत "सगळं पॅकेज", त्यातले ४०,००० आधी, आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा. दोन महिने फोनवर "प्रोसेस चालू आहे" एवढंच ऐकलं. शेवटी मी एनएमसीला ईमेल लिहून माझा अर्ज कुठपर्यंत आला ते विचारलं, तर माझ्या नावाचा अर्जच नव्हता. सर्टिफिकेटं परत मिळाली, पैसे मिळाले नाहीत. त्या काळात रात्री झोप लागायची नाही, कारण ४०,००० म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार.

दोन गोष्टी मला आधी माहीत असत्या तर हे घडलं नसतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे, आणि त्यांना उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. यूकेच्या आचारसंहितेप्रमाणे तर तिकडच्या नोकरीसाठी नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नसतात. आणि मूळ सर्टिफिकेटं, पासपोर्ट कोणालाही ठेवायला देऊ नका. ऑनलाइन अर्जाला स्कॅन चालतो.

आपल्याकडे "बाहेर जायचं काम" असं एकच काम समजलं जातं, आणि एजंटांचं पॅकेज त्यावरच खपतं. खरं तर ही तीन कामं आहेत. नोंदणी एनएमसीकडे, नोकरी तिकडच्या हॉस्पिटलकडे, व्हिसा तिकडच्या सरकारकडे. नोंदणीचं काम सिस्टर स्वतः करू शकते, हे मी आता खात्रीनं सांगते. एनएमसीच्या साइटवर खातं उघडायचं, पात्रतेच्या अर्जाचे १४० पौंड भरायचे, आणि पुढे काय लागेल ते स्क्रीनवर एकेक करून समोर येतं. साइट सरळ आहे, भाषा सोपी आहे, ईमेलला उत्तर येतं. वेळ गेला तो आपल्या बाजूच्या कागदांत, आणि त्यातही सगळ्यात जास्त माझ्या नावात.

हे नावाचं जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी मुलींच्या फाईली इथेच अडकतात. माझं जीएनएमचं सर्टिफिकेट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्ट लग्नानंतर काढला, तो सासरच्या नावानं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. म्हणजे तीन शब्दांतला एकच शब्द दोन्हीकडे सारखा. तिकडच्या अधिकाऱ्याला मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर तेही बदलतं, हे कसं कळणार? त्याला या दोन वेगळ्या बायका दिसतात. भरीला एका जुन्या हॉस्पिटलच्या एक्सपिरिअन्स लेटरवर माझं हाक मारायचं नाव.

पूल म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. काढून बघितलं, तर माहेरच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. फॉर्म आम्हीच भरला होता, आणि लग्नाच्या गडबडीत कोणी नीट वाचला नव्हता. ते दुरुस्त केलं, मग राजपत्रात नावबदल, मग कौन्सिलच्या नोंदीत नाव बदलून घेतलं, आणि त्यानंतर कौन्सिलकडे रजिस्ट्रेशनच्या पडताळणीचा अर्ज. सात आठवडे यातच गेले. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाव, मग रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल चालू आहे ना ते बघणं, आणि शेवटी पडताळणी. पडताळणी कौन्सिलकडून थेट एनएमसीकडे जाते, आपल्या हातात येत नाही. त्यामुळे चुकीच्या नावानं गेली की ती चूक आपल्याला आठवड्यांनी कळते. इंग्रजीच्या परीक्षेचं बुकिंगही पासपोर्टवर आहे त्याच नावानं करायचं, अक्षर न अक्षर.

इंग्रजीला आयईएलटीएस किंवा ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा), दोन्ही चालतं. मी ओईटी घेतली कारण तिच्यात विषय आपले असतात: मधुमेह, ड्रेसिंग, डिस्चार्ज. फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे ३३,००० रुपये. एनएमसीला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ग्रेड म्हणजे ३५० गुण लागतात, आणि लिहिण्यात सी प्लस म्हणजे ३००. पहिल्या वेळी मला वाचनात ३४० आणि लेखनात २८० मिळाले, बाकी दोन्हींत बी. मुंबईहून परतताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये मी मोबाईलवर एनएमसीचे नियम वाचत बसले होते, कारण पेपर मनासारखा गेला नव्हता हे कळत होतं. तेव्हा सापडलं की १२ महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरतात. अट एवढीच की दोन्ही वेळा चारही पेपर द्यायचे, ऐकणं, वाचणं, बोलणं यांत सी प्लसच्या खाली जायचं नाही आणि लेखनात सीच्या खाली नाही. दुसऱ्या वेळी वाचनात ३६०, लेखनात ३२० आले. ऐकण्यात मात्र ३४०. एकत्र धरून मी पास. ही सवलत आमच्या क्लासमध्ये कोणी सांगितली नव्हती.

लेखनात मी का अडकले ते सांगते. आपण वॉर्डात नर्सेस नोट्स लिहितो, आणि आपल्याला शिकवलेलं असतं की जे केलं ते सगळं लिहा, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. ओईटीत केस नोट्स देतात आणि ४५ मिनिटांत, पहिली पाच फक्त वाचायला, १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. मी सगळंच कोंबलं: दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा. पण पत्र वाचणाऱ्या कम्युनिटी नर्सला पेशंट घरी गेल्यावर जखमेचं काय करायचं ते हवं असतं. काय गाळायचं हेच तिथे तपासतात. हे कळल्यावर मी रोज नाईटला, पहाटे पेशंट शांत असले की, आमच्याच एखाद्या केसची गोष्ट पाच ओळींत सांगायची सवय केली. नाव-गाव न लिहिता, अर्थात.

बोलण्याच्या परीक्षेनं मला वेगळंच दाखवलं. दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा पेशंट म्हणतो, मला इंजेक्शन नको. आपण सवयीनं म्हणतो, "काही होत नाही, घाबरू नका, घ्यायलाच पाहिजे." तिथे हे चालत नाही. का नको वाटतंय ते विचारायचं, त्याचं बोलणं पूर्ण ऐकायचं, समजावून झाल्यावर समजलं का ते तपासायचं आणि त्याची परवानगी घ्यायची. आमच्या आयसीयूत अकरा पेशंटमागे तीन सिस्टर असताना एवढा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला पडतोच, आणि त्याचं उत्तर एकट्या सिस्टरकडे नाही. पण सराव म्हणून मी हे ड्यूटीवर करायला लागले. देवळालीच्या एका आजींनी नाकातली नळी दोनदा ओढून काढली होती. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं. त्यांना वाटत होतं नळी घातली म्हणजे आपण आता जाणार. समजावल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा नळी शांतपणे घालू दिली. परदेशी जाणं झालं नाही तरी हे माझ्याजवळ राहील.

सीबीटी मुंबईला संगणकावर दिली, फी ८३ पौंड. भाग एकात हिशेबाचे १५ प्रश्न, भाग दोनात नर्सिंगचे १००. हिशेबाला घाबरू नका, पण एकक नीट वाचा. आपण ड्रिप थेंबांवर मोजतो. ८ तासांत १००० मिली, २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, हे हाताला बसलेलं असतं. तिथे पंपाचा दर विचारला की उत्तर तासाला १२५ मिली. भाग दोनाला जुनी पाठ्यपुस्तकं पुरत नाहीत. एनएमसीचा कोड, म्हणजे नर्सनं कसं वागायचं त्याचे नियम, वाचा, तो फुकट मिळतो. २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा समजून घ्या: पेशंटला निर्णय घेण्याची समज आहे असंच आधी धरायचं, नातेवाइकांनी सही केली म्हणून झालं असं तिथे नाही. आणि न्यूज-२ हा पेशंटची तब्येत बिघडतेय का ते सांगणारा स्कोअर पाठ करा. श्वासाचा वेग, ऑक्सिजन सॅच्युरेशन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचा बीपी, नाडी, शुद्ध, ताप, या सातांचे गुण मिळवायचे. पाचला तातडीनं बघायचं, सातला इमर्जन्सी. मी तो आमच्या चार्टच्या कडेला पेन्सिलीनं मांडायला लागले, आणि नाईटच्या डॉक्टरांना फोन करताना "पेशंट बरा वाटत नाही" ऐवजी आकडा सांगता येऊ लागला.

यानंतर उरते ती ओएससीई, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. ती यूकेतच होते, फी ७९४ पौंड, आणि बहुतेक वेळा नोकरी देणारं हॉस्पिटल ती भरतं. ती पास होईपर्यंत बँड ३ (बँड म्हणजे तिकडची पगाराची श्रेणी) किंवा तसाच खालचा पगार, मग पिन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळाला की बँड ५, जो २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंडांपासून सुरू होतो. नोंदणीचे शेवटचे १५३ पौंड वेगळे. सगळे आकडे मी ही कामं केली तेव्हाचे आहेत.

नोकरीचं चित्र मात्र चांगलं नाही, आणि ते लपवून लिहिणं बरोबर नाही. २०२२-२३ मध्ये गेलेल्या मैत्रिणींना एका व्हिडिओ मुलाखतीत ऑफर मिळायची. आता एनएचएसची, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची, बाहेरून होणारी भरती खूपच कमी झाली आहे, आणि तिकडे शिकून बाहेर पडलेल्या मुलींनाही जागा मिळताना त्रास होतोय. केअर वर्कर म्हणून आधी जाऊ आणि मग नर्स होऊ, हा रस्ता तर २२ जुलै २०२५ पासून बाहेरून येणाऱ्यांना बंद आहे. त्या व्हिसाच्या नावाखाली कोणी आजही पैसे मागत असेल तर सरळ उठून या. मी आतापर्यंत २६ अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या. आयसीयू, थिएटर, डायलिसिस असा खास अनुभव असलेल्यांना थोडी तरी विचारणा आहे.

म्हणून इतरांचं काय चाललंय तेही थोडक्यात. सातपूरची माझी मैत्रीण जर्मनीच्या मागे आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला बी-२ पातळीची जर्मन लागते, आणि शिक्षणात तफावत निघाली तर तिथे पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. तिची बी-१ पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात झाली, दीड वर्ष लागलं. मेहनत यूकेहून जास्त, पण आज मागणीही तिथेच जास्त दिसते. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे. आखातात जाणाऱ्यांना डेटाफ्लोची कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिक परीक्षा, काम लवकर होतं. मात्र ईसीआर यादीतल्या, म्हणजे कामाला जायला आपल्या सरकारची परवानगी लागते अशा, १८ देशांत नर्सला ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच जाता येतं, हे आधी बघा. अमेरिकेची एनक्लेक्स (नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा) पास होणाऱ्या पुष्कळ आहेत, पण भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ऑस्ट्रेलियाला एनक्लेक्स आणि पुढे ॲडलेडला ओएससीई. एप्रिल २०२५ पासून यूके, आयर्लंडसारख्या देशांत १८०० तास काम केलेल्यांना तिथे सोपा मार्ग आहे, म्हणून यूकेची नोंदणी वाया जात नाही असं मी धरते. ट्रान्सक्रिप्ट (शिकलेल्या विषयांचा आणि गुणांचा तपशील) लागलं तर बीएस्सीवाल्यांना आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून मिळतं, जीएनएमवाल्यांना कॉलेज आणि मुंबईचं बोर्ड.

११ महिन्यांत माझे साधारण ९५,००० गेले. दोन ओईटी, १४० पौंड, सीबीटी, कागद, मुंबईच्या फेऱ्या. त्यात एजंटला गेलेले ४०,००० धरलेले नाहीत. ओईटीचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे माझ्याकडे आता पावणेदोन वर्षं आहेत.

काल हँडओव्हरनंतर आमच्याकडची एक ज्युनियर सिस्टर सगळी फाईल घेऊन आली. मी तिला अजून कोणतीच परीक्षा बुक करू दिली नाही. चेंजिंग रूममध्ये पासपोर्ट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि दहावीचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवायला लावलं आणि तिन्ही नावं अक्षर अक्षर मोठ्यानं वाचायला सांगितली. तिच्या वडिलांच्या नावात रजिस्ट्रेशनवर एक 'एच' जास्त निघाला. सोमवारी तिला ऑफ आहे, त्या दिवशी आम्ही दोघी बसून दुरुस्तीचा अर्ज भरणार आहोत.